कापूस येईपर्यंत

हिंगणघाटच्या ज्या जिनिंगमध्ये मी तीन पावसाळे काम केलं, तिथल्या कापसाशी माझा काही संबंध नव्हता. मी भाषांतरं करायची. नागपूरच्या एका एजन्सीकडून पाकिटं यायची. कधी पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका, कधी कीटकनाशकाच्या डब्यातला कागद, कधी विम्याच्या अटी. त्यांचं मराठी करून परत पाठवायचं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणाच्या वेळी मी शाळेतली नोकरी सोडली होती. पुन्हा घड्याळाला बांधून घ्यायची इच्छा नव्हती, पण बिनकामाचं बसणंही जमत नव्हतं. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. घरी बसून कोणी पगारासारखं काही कमावतं, हे आमच्या गल्लीत कोणाला पटत नसे.

घरात माझी बसायची जागा म्हणजे शिलाई मशीनचं झाकण. त्यावर शब्दकोश उघडला की कागद मांडीवर घ्यावे लागत. एखादं वाक्य जमत यायचं आणि शेजारीण दारातून हाक मारायची, "रिकामीच आहे ना तू, जरा दूध पाहजो माझं. मी दळण घेऊन येतो." मी दूध पाहायची. ती परत येईपर्यंत वाक्य हातातून गेलेलं असायचं. सासूबाईंचा माझ्या कामाला विरोध नव्हता. त्यांना ते काम आहे असं वाटतच नव्हतं, एवढंच. कोणी विचारलं तर सांगायच्या, "काही ना काही लिहीत राह्यते."

मे महिन्यातल्या एका दुपारी लूनावरून एक बाई आमच्या दारात उतरली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, घामानं चेहरा लाल झालेला. जिनवाल्यांची सून, हे मी लगेच ओळखलं. त्यांच्याकडचे हमाल तिला भाभी म्हणायचे, म्हणून अख्खं गाव भाभीच म्हणायचं. वयानं माझ्याएवढीच असेल.

"ताई, तुमचं मराठी अच्छं आहे म्हणतात," पाणी पिऊन ती म्हणाली. "मले एक पर्चा लिहून पाहिजे. माझं मराठी तर तुम्ही ऐकूनच राह्यल्या."

तिनं सांगितलं ते असं. दिवाळीनंतर कापूस येतो आणि सरकी वेगळी करणारं जिन सुरू होतं. उन्हाळ्यात कापूस संपतो, मजूर आपापल्या गावी जातात. मग जिनच्या ऑफिसचा मोठा हॉल दिवाळीपर्यंत कुलुपात पडून राहतो. त्यात लांबरुंद टेबलं आहेत, पंखे आहेत, कूलर आहे, दोन फोन आहेत आणि फॅक्सचं मशीनसुद्धा आहे. सीझनमध्ये भावाची चौकशी करायला ते सगळं लागतं. बाकीचे महिने त्यावर धूळ बसते.

"माझा भाऊ इंदौरले आहे," ती म्हणाली. "तो, एक वकील आणि एक नकाशे काढणारा, तिघं मिळून एकच ऑफिस वापरतात. कोणाचं काम कोणाशी जुळत नाई. पण चाय सोबत पितात."

सगळ्या बोलण्यात ते शेवटचं वाक्य तिनं जरा हळू म्हटलं.

मी पर्चा लिहून दिला. "येथे काम करण्यासाठी टेबल-खुर्ची माफक भाड्याने मिळेल." तो छापून बाजारात, बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला वाटला गेला. आठवड्याभरात जिनच्या फाटकाशी माणसं यायला लागली, पण ती सगळी कार्यघरची. कोणाला साक्षगंधासाठी टेबलं हवी होती, कोणाला तेरवीच्या जेवणासाठी खुर्च्या. एकानं तर बैलबंडीच आणली होती. भाभी माझ्याकडे आली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग आम्ही दोघींनी बसून दुसरा मजकूर केला. घरून काम करणाऱ्यांनी इथे येऊन बसावं, काम तुमचं, वेळ तुमची, जागा आमची, असं काहीतरी. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "तुम्ही कुठं बसता?"

मी मशीनकडे बघितलं. तिनंही बघितलं.

"मग तुम्हीच पहिल्या या."

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "घरचं काम बाहेर जाऊन काऊन करतं?" नवरा बँकेत कारकून होता, शांत माणूस. तो म्हणाला, "लोकं म्हणतीन, घरात जागा नाई देली वाटते." थोडा वेळ तो भाताशी खेळत राहिला. मग म्हणाला, "जाऊन पाय. नाई जमलं तं येजो वापस." पहिल्या दिवशी त्यानंच मला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं. शब्दकोशाची पिशवी त्यानं पायाशी ठेवली होती.

जून लागला होता, पण पाऊस नव्हता. हॉल उंच होता. पत्र्याखाली लाकडी छत, भिंतींना हिरवट रंग, एका कोपऱ्यात व्यापाऱ्यांची पांढरी गादी आणि लोड. सगळीकडे सरकीचा वास भरून राहिलेला. टेबल कितीही पुसलं तरी पंखा लावला की कुठून तरी कापसाचे बारीक तंतू उडत आणि कागदावर येऊन बसत. म्हातारे मुनीमजी दाराशी बसून होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "सीझन नसला का इथं चिमण्या राह्यतात," ते म्हणाले. "बसा."

मी बसले. समोर भिंत होती, टेबलावर फक्त माझे कागद होते. त्या दिवशी मी विम्याच्या अटींची जेवढी पानं केली, तेवढी घरी आठवड्यातही झाली नसती. पण मला आठवतं ते काम नाही. दुपारी मी उठून अंगणातल्या नळावर पाणी प्यायला गेले आणि परत आले, तर कागद जसेच्या तसे होते. कोणी हलवले नव्हते, त्यांवर वाटी ठेवली नव्हती. मी बराच वेळ उभीच राहिले.

पहिले पंधरा दिवस मी एकटीच होते. मग गावातलेच एक नकाशेवाले भाऊ आले. ते पूर्वी कापडगिरणीच्या बांधकाम विभागात होते. गिरणी आठवड्यातले काही दिवसच चालायला लागली तशी त्यांनी ती सोडली आणि लोकांच्या घरांचे नकाशे काढायला लागले. घरी ते फरशीवर कागद पसरून काम करायचे. एकदा त्यांच्या मुलीनं कोणाच्या तरी स्वयंपाकघरावरून तीनचाकी सायकल नेली होती. "चाकाचे दोन पट्टे उमटले," त्यांनी सांगितलं. "पार्टी म्हणे, ह्या दोन नाल्या कायच्या दाखवल्या भाऊ?"

दोन माणसांनी हॉल भरणार नव्हता. तेव्हा भाभीनं गावातल्या कॉलेजात बोलायचं ठरवलं. बी.कॉम. आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुली तिला हव्या होत्या. मी सोबत गेले. वर्गात चाळीसेक मुली असतील, मागे एक प्राध्यापक उभे. भाभीनं पदर सारखा केला आणि तिच्या त्या अर्ध्या हिंदी मराठीत सुरुवात केली.

"नौकरी म्हणजे दुसऱ्याची खुर्ची, असंच का पाहिजे? तुम्ही दुकानाचे हिशेब लिहू शकता, टायपिंग करू शकता, ह्या ताईंसारखं भाषांतर करू शकता. सकाळी दोन घंटे, नाई तर दुपारी तीन घंटे. घरचं पाहून. पण घरी बसून नाई. घरी बसलं का काम घरातच हरवते."

प्राध्यापकांनी मागून विचारलं, "म्हणजे ज्यांना नोकरी मिळाली नाही, त्यांच्यासाठी आहे का हे?"

भाभीनं मान हलवली. "नाई सर. ज्यांना नौकरी जमत नाई, त्यांच्यासाठी. त्यात फरक आहे."

मुली एकमेकींकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक सावळी मुलगी उभी राहिली. "मॅडम, तिथं संडास आहे का?"

काही मुली तोंडावर ओढणी घेऊन हसल्या. भाभी हसली नाही.

"आहे. बायकांचा वेगळा. पाणी आहे. कडी आतून लागते, मी स्वतः पाहिली."

ती मुलगी बसली. पुढच्या सोमवारी ती वडिलांना घेऊन जिनमध्ये आली. वडिलांनी हॉल बघितला, मुनीमजींशी कोणाची तरी ओळख काढली, परसात जाऊन कडीसुद्धा लावून बघितली. मग म्हणाले, "बस बेटा." तिनं बाजारातल्या तीन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले. आम्ही तिला सीए म्हणायचो. ती सीए नव्हती, पण नाव चिकटलं.

नंतर येऊन-जाऊन बरेच झाले. लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवणारे एक गुरुजी, विम्याच्या एजंट असलेल्या एक बाई, परीक्षेचे दिवस आले की प्रबंध टाइप करून घेणारे. पण रोजचे आम्ही चौघंच. भाभी, नकाशेवाले, सीए आणि मी.

त्या दिवसांत फार काही घडत नसे, आणि मला त्याचीच सय येते. सकाळी घरचं आवरून मी निघायची. फाटकात शिरताना मोकळं पटांगण दिसायचं. जिथे हिवाळ्यात कापसाच्या गंजी लागत, तिथे गवत उगवलेलं. हॉलमध्ये नकाशेवाल्यांच्या पट्टीचा सरकण्याचा आवाज, सीएच्या कॅल्क्युलेटरची टिकटिक, मधूनच फॅक्सचं कुरकुरत कागद ओकणं. कोणी कोणाशी बोलत नसे. चार वाजताच्या सुमाराला बाहेरून चहा यायचा, तेव्हा सगळे गादीवर बसायचो. मग अडलेले शब्द बाहेर पडायचे. मी विचारायची, "हे स्टार्टर, स्टार्टर. शेतकरी त्याले काय म्हणते?" नकाशेवाले म्हणायचे, "स्टार्टरच म्हणते. तुम्ही प्रारंभक लिहिलं तं पंप सुरूच नाई होणार." सीए चहा नाकात जाईपर्यंत हसायची. मी तो शब्द खोडायची.

घरी गेल्यावर सासूबाई विचारायच्या, "झालं का ऑफिस?" त्यांनी ऑफिस हा शब्द कधी वापरायला सुरुवात केली, ते माझ्या लक्षात आलं नाही. शेजारीणही दूध पाहायला सांगेनाशी झाली. मी दुपारची घरी नसतेच, हे तिला कळलं होतं.

भाभी पहिले दोन महिने नुसती फिरत असायची. पाणी भरलं का, शाई आहे का, फोन चालू आहे का. तिचं स्वतःचं टेबल नव्हतं. एका दुपारी मात्र ती खिडकीजवळच्या टेबलावर बसली आणि पिशवीतून जाड कागद आणि रंगाच्या बाटल्या काढल्या. साडीच्या काठांची नक्षी काढायला लागली. वेली, कैऱ्या, बारीक जाळी. मी चहाच्या वेळी मागे जाऊन उभी राहिले. हात इतका सफाईचा होता की मी बघतच राहिले.

"कॉलेजात शिकली होती," ती वर न बघता म्हणाली. "सुरतच्या एका व्यापाऱ्यानं नमुने मागवले आहेत."

"घरी नाही काढत?"

"घरी?" ती ब्रश पाण्यात हलवत राहिली. "घरी बहू रंग घेऊन बसली तर सगळे विचारतात, तबियत तर ठीक आहे ना. आणि इथं अकेलीले कोण बसू दिलं असतं, ताई? तुम्ही लोक आले म्हणून मी बसली."

पर्चे, कॉलेज, लूनावरच्या चकरा, हे सगळं तिनं का केलं ते मला तेव्हा उमगलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवसापासून ती मला जास्त जवळची वाटायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर तिचे सासरे हॉलमध्ये आले. धोतर, काळी टोपी, बोलणं फार मृदू. "बाई, आता लक्ष्मी येईल," ते मला म्हणाले. आम्ही समजलो, कापूस येणार. नकाशेवाल्यांनी कागदांच्या गुंडाळ्या बांधल्या, सीएनं फायली उचलल्या, मी शब्दकोश पिशवीत भरला. आठवड्याभरात फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग लागली. पहिल्या बंडीसमोर नारळ फुटला. मी भाजी आणायला त्या रस्त्यानं गेले होते. हॉलच्या खिडकीतून धोतरं आणि टोप्या दिसत होत्या, आतून भाव ओरडल्याचा आवाज येत होता. सगळं गाव कापूस आला म्हणून खूश होतं. मी तिथं उभी राहून तो संपायची वाट बघत होते.

तो हिवाळा मला फार लांब वाटला. काम तेच होतं, पाकिटं येतच होती. पण मशीनच्या झाकणावर बसलं की चार वाजले असं आपोआप कळायचं आणि मी उगीच दारात येऊन उभी राहायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, "कोणाची वाट पाहून राह्यली?" मी म्हटलं, "कोणाची नाई." एप्रिलमध्ये बाजारात मुनीमजी भेटले. मी त्यांना तब्येत विचारायच्या आधी कापूस किती उरला ते विचारलं. ते म्हणाले, "येऊन जाईन तुमचा सीझन."

दुसऱ्या वर्षी आम्ही जूनच्या पहिल्या दिवशीच गेलो. तिसऱ्या वर्षी भाभीचे मनसुबे वाढले होते. सिंदी रेल्वे या गावी तिच्या नात्यातल्यांचं जिन होतं, तिथेही असा हॉल उघडायचा. जवळच्या सेलूच्या मुली तिकडे येतील. नंतर वर्धेला, कॉलेजांजवळ, बारा महिने चालेल असा. आम्ही दोघी सिंदीला जाऊन जागा बघूनही आलो. परतीच्या वाटेवर ती सारखी बोलत होती. कुठे कोणतं टेबल, मुलींसाठी वेगळं दार, इन्व्हर्टर. मी नुसती ऐकत होते. इतकी आनंदात मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

त्या पोळ्याच्या सुमाराला तिच्या घरात वाटण्या झाल्या. भांडण नव्हतं. नवरा आणि त्याचे दोन भाऊ, तिघांना वेगवेगळं काही करायचं होतं. जिन विकायचं ठरलं. घेणाऱ्यांना नवीन यंत्रं बसवून बारा महिने चालवायचं होतं. भाभीच्या नवऱ्याच्या वाट्याला रायपूरचं लोखंडाचं दुकान आलं.

तिनं आम्हाला गादीवर बसून सांगितलं. सीए रडायला लागली तेव्हा भाभीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझे तर आता सात दुकानं आहेत. तू काऊन रडतं?" नकाशेवाले उठून खिडकीशी गेले. मी भाभीला म्हटलं, "आपण दुसरीकडे जागा पाहू. तुम्ही नसलात तरी मी पाहते." ती म्हणाली, "पाहा ताई. जरूर पाहा."

मी पाहिली. वाचनालयाच्या मागची खोली, शिक्षकांच्या सोसायटीचा हॉल, बसस्टँडजवळच्या लॉजची गच्ची. कॉलेजातही पुन्हा जाऊन बोलले. माझं मराठी भाभीपेक्षा कितीतरी शुद्ध होतं, पण मुली ऐकत नव्हत्या. तिच्याजवळ जे होतं ते माझ्याजवळ नव्हतं. मी काम चांगलं होतं एवढंच सांगू शकत होते. ती बोलायची तेव्हा तिला ती जागा स्वतःला हवी आहे, हे ऐकणाऱ्याला दिसत असावं. त्यात लोकांच्या घरी फोन आले, मग कॉम्प्युटर, मग इंटरनेट. आता बाहेर कशाला बसायचं, असं जो तो म्हणायला लागला. नकाशेवाले नागपूरला गेले, तिथल्या एका बिल्डरकडे. सीएचं लग्न वर्धेला झालं.

नवऱ्यानं गच्चीवर माझ्यासाठी खोली बांधली. खास सुतार लावून टेबल करून घेतलं. दार लावलं की खालचा आवाज येत नाही. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, तरी जिन्याच्या पायथ्याशी बसून येणाऱ्याला सांगायच्या, "वर काम सुरू आहे तिचं." मला याहून जास्त काय हवं होतं? खरंच, त्या खोलीत मी सगळ्यात चांगलं काम केलं. पण दुपार कलली की चहा करून मी कप घेऊन वर यायची आणि तो टेबलावरच थंड व्हायचा.

काही वर्षांनी, दोन हजारचं दशक संपत आलं असेल, सीएचा वर्धेहून फोन आला. "मॅडम, आमच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. दोन टेबलं टाकले मी. तुम्ही येता का एखाद्या दिवशी, पुस्तकं घेऊन?"

मी सकाळच्या बसनं गेले. तिची मुलगी शाळेत गेली होती. आम्ही दोघी पाठीला पाठ करून बसलो. ती आता कॉम्प्युटरवर हिशेब करायची, मी पण कॉम्प्युटरवरच. खिडकीतून रस्त्यावरची वर्दळ ऐकू येत होती. बराच वेळ काम चांगलं चाललं. मग मला कळलं की मी एका वाक्यावर अडून कोणीतरी बोलेल म्हणून थांबले आहे. मागे वळून बघितलं तर तीही थांबलेली होती. ती म्हणाली, "दोघींनी नाई होत ना, मॅडम?" मी म्हटलं, "होईल. अजून कोणाला सांगू." तिनं कोणाकोणाची नावं घेतली. दोघी येईन म्हणाल्या होत्या, एक बहुतेक यायची नाही. मी पुढच्या आठवड्यातही गेले, त्याच्या पुढच्याही. पावसाळ्यात रस्ते खराब झाले, मग माझं जाणं महिन्यातून एकदावर आलं.

पहिल्यांदा वर्धेला जाऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी रायपूरला फोन लावला होता. भाभीशी वर्षातून दोनदा बोलणं व्हायचं, दिवाळीला आणि कधीतरी मधे. मी वर्धेच्या टेबलांचं सांगितलं. तिनं एकेक गोष्ट विचारली. खिडकी कोणत्या बाजूला आहे, उजेड डावीकडून येतो का, जिना उंच आहे का. मी विचारलं, "आणि तुमचे रंग?"

"आहेत," ती म्हणाली. "वरच्या खोलीत ठेवले. जागा मोठी आहे इथं. पण बसणं होत नाई."

तिच्याकडे मागे कोणीतरी दुकानातून आल्याचा आवाज झाला, तिनं त्यांना थांबायला सांगितलं. मग मला विचारलं, "सध्या काय लिहून राह्यल्या, ताई?"

मी एका ट्रॅक्टरची पुस्तिका करत होते. तिला त्यात काय रस असणार, असं मला वाटलं. पण तिनं पुन्हा विचारलं, म्हणून मी सांगू लागले. गिअरबद्दल, तेल कधी बदलायचं त्याबद्दल, कोणते शब्द अडले त्याबद्दल. ती मधे मधे "हं" म्हणत होती. फोन ठेवायची घाई तिलाही नव्हती.